स्पष्टेबाई

आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मंडळीत अक्का सोनवणेने कुणाचं तोंडावर कौतुक केल्याचं कुणाला आठवत नसे. लग्नाची बिर्याणी असो, नाताळचं नाटक असो की नव्या पाळकाचा पहिला उपदेश असो. लोक "छान झालं, छान झालं" म्हणत हात मिळवत असायचे, तेव्हा अक्का पिशवी काखेत मारून भिंतीशी उभी असायची. गर्दी ओसरली की पुढे यायची आणि जे काही असेल ते सांगून मोकळी व्हायची. बिर्याणीला मीठ कमी आहे. मरीयेचं काम करणाऱ्या पोरीने पाठांतर केलेलं नाही. पेटी वाजवणारा गाणाऱ्यांच्या पुढे पळतोय. तिच्या माघारी सगळे तिला स्पष्टेबाई म्हणत. नव्याने आलेल्या एका कुटुंबाला तर ते तिचं आडनावच वाटलं होतं. त्यांनी चर्चच्या दारात तिला "सलाम, स्पष्टेबाई" म्हटलं तेव्हा आम्ही सगळ्या बायका जागच्या जागी गोठलो. अक्का म्हणाली, "आडनाव सोनवणे आहे. पण हेही चालेल."

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात ह्यांची बदली नगरकडच्या एका खेड्यातून मुलुंडला झाली. हे पाळक आणि मी पाळकीणबाई. चर्चच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळालं. मोठी मुलगी शुभा तेव्हा नुकती चालायला लागली होती. पहिल्या रविवारी ह्यांनी उपदेशाची फार तयारी केली होती, आणि शहरातल्या लोकांपुढे आपण कमी पडू नये म्हणून जरा जास्तच बोलले. उपासना संपल्यावर लोकांनी कौतुकाचा वर्षाव केला. शेवटी एक बुटकी, काळीसावळी, घट्ट अंबाडा घातलेली बाई आली. सलाम करून म्हणाली, "साहेब, आज तुम्ही दोन उपदेश केलेत. एक पुढच्या रविवारला ठेवायचा होता."

हे हसले, पण घरी येऊन धड जेवले नाहीत. "काय बाई आहे!" असं दोनदा म्हणाले. पुढच्या रविवारी मात्र उपदेश आटोपशीर झाला. अक्का दारात नुसता सलाम करून गेली. तिने काहीच न बोलणं म्हणजे आपण पास झालो, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं.

पाळकाच्या बायकोला मैत्रीण नसते, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सगळे मान देतात, चहाला बोलावतात, बशीभर चकल्या पुढे ठेवतात. पण आपण खोलीत शिरलो की चालू असलेलं बोलणं बदलतं. आपण काहीही बोललो तरी माना डोलतात. मंडळीत मला नावच उरलं नव्हतं. मी सगळ्यांची पाळकीणबाई होते. पहिले दोन महिने अक्काही "बाई" म्हणायची. मग एकदा तिने सरळ विचारलं, "आईबाप काय म्हणतात तुला?" मी सांगितलं, शालिनी. तेव्हापासून मी तिची शालू झाले. ती पन्नाशीची आणि मी सव्वीस वर्षांची, पण मीही तिला एकेरी हाक मारायला लागले ते तिच्याच हुकमावरून. "अहोजाहो करून माझ्याशी भांडता येणार नाही तुला," ती म्हणाली.

ती भांडुपकडच्या एका औषधांच्या कंपनीत कामाला होती. इंजेक्शनच्या बाटल्या उजेडासमोर धरून आत कुठे कण, केस, काचेचा तुकडा आहे का ते बघायचं, हे तिचं काम. डोळे कायम लाल असायचे. "कंपनीत खोट काढायचा पगार मिळतो, इथे फुकट काढते," असं स्वतःच म्हणायची. नवरा तरुणपणीच गेला होता. पाच रस्ता चौकाजवळच्या चाळीत एका खोलीत ती आणि तिची मुलगी करुणा राहत. करुणा तेव्हा कॉलेजात होती. आईच्या जिभेमुळे आपल्याला स्थळं येणार नाहीत असं ती थट्टेने म्हणायची, आणि पुढे ती थट्टा बरीचशी खरी ठरली.

अक्काचा एक नियम होता. तो लोकांना माहीत नव्हता, कारण ज्याला त्याला तो एकट्यालाच कळायचा. मीठमसाल्याच्या गोष्टी ती कुणासमोरही बोलायची. पण माणसाच्या मनाला लागेल असं काही असलं तर चारचौघांत चकार शब्द काढायची नाही. म्हणायची, "शालू, भाजीला येतेस का?" ती असं म्हणाली की मला कळायचं, आज आपलं काहीतरी चुकलंय. पिशव्या घेऊन आम्ही बाजाराकडे निघायचो. चर्चची गल्ली ओलांडली की ती बोलायला लागायची, आणि भाजीवाल्यापर्यंत पोचेस्तोवर बोलणं संपलेलं असायचं. मग शांतपणे गवार निवडायची. परत येताना त्या विषयावर एक अक्षर नाही.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आमच्या मंडळीतल्या पाच-सहा घरांत चूल पेटायची पंचाईत झाली होती. महिला मंडळाने तांदूळ-डाळ गोळा केली. ते सगळं माझ्या पुढाकाराने झालं होतं आणि मला त्याचा आनंद होता. रविवारी उपासनेनंतर मी एकेकाचं नाव वाचलं आणि ती माणसं पुढे येऊन पिशवी घेऊन गेली. टाळ्याही वाजल्या. संध्याकाळी अक्का दारात. "भाजीला येतेस का?"

"नावं कशाला वाचलीस?" तिने गल्ली ओलांडल्या ओलांडल्या विचारलं.

"कुणाला मिळालं, कुणाला नाही, कळायला नको?"

"कुणाला कळायला? देवाला माहीत होतं. तुला माहीत होतं. त्या शिंद्याची पोरगी मान वर न करता पिशवी घेऊन गेली, ते तू बघितलं नाहीस. तुझं लक्ष कागदावर होतं."

मी रडकुंडीला आले. सगळं इतक्या मनापासून केलं होतं मी. अक्काने तेवढ्यावर सोडलं असतं तर कदाचित मी तिच्याशी बोलणंच टाकलं असतं. पण ती बोलून निघून जाणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या महिन्यात कंपनीतून सुटल्यावर, उभं राहून राहून पाय सुजलेले असताना, ती माझ्याबरोबर घरोघर पिशव्या पोचवायला आली. शिंद्यांच्या घरी तर तिने पिशवी दाराआड ठेवली आणि त्यांच्याकडे चहा मागून प्यायली. "आपणही काहीतरी घ्यावं त्यांच्याकडून," बाहेर आल्यावर म्हणाली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

मुलुंडला आम्हाला मुलगा झाला. आशिष त्याचं नाव. पाच महिन्यांचा होता. छातीत कफ झाला, ताप चढला, दवाखान्यात नेला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. एवढंच सांगते. त्याहून जास्त अजूनही मला लिहिता येत नाही.

दफनाच्या दिवशी मी रडले नाही. पुढच्या रविवारी केस विंचरून, पांढरं पातळ नेसून मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येकीला सलाम केला, हसले. "देवाची इच्छा," असं म्हणत राहिले. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "काय विश्वास आहे बाईंचा!" ह्यांनीही त्या दिवशी उपदेशात बाळाचं उदाहरण दिलं, आपण कसं समर्पण करावं यासाठी. लोक हुंदके देत होते. मी ताठ बसून होते. मला वाटत होतं, मंडळी माझ्याकडे बघतेय. मी कोसळले तर त्यांचा विश्वास कोसळेल.

बुधवारी अक्का आली. सुट्टी टाकून आली होती. "भाजीला चल."

"भाजी आहे घरात."

"असू दे. चल."

बाजारापर्यंत आम्ही गेलोच नाही. वाटेत एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर तिने मला बसवलं आणि माझ्याशेजारी बसली.

"शालू, तू खोटं बोलतेस."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"देवाची इच्छा म्हणतेस सगळ्यांना. तुला वाटतं तसं?"

"वाटायला पाहिजे ना, अक्का."

"वाटायला पाहिजे ते नको सांगू. वाटतं ते सांग. मला सांग."

मग मी म्हटलं, "मला राग आलाय." तेवढंच. मग पुन्हा म्हटलं, "देवाचा राग आलाय मला." आणि त्यानंतर काय काय बोलले ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं की जाणारे-येणारे थांबून बघत होते आणि अक्का त्यांना हाताने पुढे जा, पुढे जा अशी खूण करत होती. माझं डोकं तिने आपल्या खांद्यावर दाबून धरलं होतं. तिच्या पातळाला औषधाच्या कंपनीचा स्पिरिटसारखा वास यायचा. तो वास आजही कुठे आला की मला ती पायरी आठवते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे सगळं त्याला सांग. देवाला. त्याला ठाऊक आहेच, पण तू सांग. लोकांपुढे गोड बोलावं लागतं, कळतं मला. पण त्याच्यापुढे तरी पाळकीणबाई होऊ नकोस गं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उपदेश ऐकले, प्रार्थना ऐकल्या, स्वतःही बायकांना चार शब्द सांगितले. पण प्रार्थना म्हणजे काय हे मला त्या पायरीवर कळलं. त्या दिवशी तिने मला अडवलं नसतं तर मी तशीच हसत राहिले असते आणि आतून वाळून गेले असते. देवावरचा माझा विश्वास टिकला तो माझ्या धीरामुळे नाही. एका बाईने मला खोटी म्हटलं, त्यामुळे टिकला.

तिथून उठून ती आमच्या घरी आली. हे काहीतरी लिहीत बसले होते. अक्का म्हणाली, "साहेब, बाळाला पुलपिटावर, उपदेशात नेऊ नका अजून. आधी बायकोजवळ बसा." ह्यांचा चेहरा पडला. ते उठून बाहेर गेले. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलत नव्हते. ती मात्र रोज संध्याकाळी कंपनीतून थेट आमच्याकडे यायची, शुभाला भरवायची, भाकऱ्या थापून ठेवायची आणि जाताना ह्यांना सलाम करून जायची. एके दिवशी ती गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसले. त्यांच्या हातात आशिषची झबली होती. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

सहा-सात वर्षं अशी गेली. अक्का निवृत्त झाली. कंपनीने तिला घड्याळ आणि नारळ दिला. करुणाला घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली होती. निवृत्तीनंतर अक्का जास्त वेळ चर्चमध्ये येऊ लागली, आणि आम्हाला आता आणखी किती ऐकावं लागणार म्हणून आम्ही हसायचो.

त्याच सुमारास महिला सभेत मी एकदा बोलले. शुभाची परीक्षा होती, घरी पाहुणे होते, तयारी अजिबात झाली नव्हती. काहीतरी जोडून नेलं. बोलताना मलाच माझी लाज वाटत होती. सभा संपल्यावर अक्का माझ्याकडे आली. आता ही भाजीला नेणार, असं मी मनात म्हणतेय तोच ती हसली आणि म्हणाली, "छान बोललीस."

मी घरी तरंगतच आले. ह्यांना सांगितलं, "ऐकलं का, अक्का छान म्हणाली!" हे म्हणाले, "अगं, मलाही म्हणाली गेल्या रविवारी." आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. इतक्या वर्षांनी पास झालो आपण. मी त्या दिवशी शिरा केला. त्या शिऱ्याची आठवण आजही मला नकोशी वाटते. कारण आम्ही शिरा खात होतो तेव्हा आमची अक्का आमच्या हातून निसटायला लागली होती आणि आम्हाला ते कळलं नव्हतं.

मग तिला सगळंच छान वाटायला लागलं. अळणी डाळ छान. बेसूर गाणं छान. मंडळीतली माणसं खूश झाली. "म्हातारपणी गोड झाली हो स्पष्टेबाई," असं म्हणायला लागली. मी मात्र मुद्दाम वाकडंतिकडं बोलून बघायची. "अक्का, मी आज शुभाला विनाकारण मारलं." ती माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्यात जुनी अक्का कुठे सापडते का म्हणून मी तिच्या डोळ्यांत शोधत बसायची. एकदा ती चर्चला निघाली आणि संध्याकाळपर्यंत पोचली नाही. शेवटी स्टेशनाबाहेर फळवाल्याशेजारी बसलेली सापडली. करुणाने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू थकतोय, यावर औषध नाही, सांभाळून घ्या.

एका दुपारी ती आमच्याकडे बसली होती. मी तांदूळ निवडत होते. ती इकडेतिकडे बघत होती. मग तिने विचारलं, "बाळ झोपलं का?"

मला आधी कळलंच नाही. आमच्या घरात बाळ नव्हतं. मग कळलं.

याच बाईने मला पायरीवर बसवून खरं बोलायला लावलं होतं. तिच्याशी खोटं बोलायचं मला कधी धाडस झालं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. ती उत्तराची वाट बघत होती, इतक्या मायेने, की त्या क्षणी मी तिला काय सांगणार होते?

"हो," मी म्हटलं. "झोपलंय."

तिने ओठांवर बोट ठेवलं. "मग हळू बोलू या," ती कुजबुजली.

आणि त्या दुपारी आम्ही दोघी चहा पिऊन होईपर्यंत कुजबुजत बोलत राहिलो. भांड्याचा आवाज झाला की ती दचकून आतल्या खोलीकडे बघायची. कपबशी मी इतकी जपून ठेवत होते की जणू खरोखरच आत कुणीतरी झोपलं होतं.

करुणा नोकरी सांभाळून आईचं सगळं करायची. दिवसा शेजारची एक बाई लक्ष ठेवायची, बाकी सगळं करुणावर. चर्चमध्ये सगळे म्हणायचे, "करुणा म्हणजे देवदूत आहे." ह्यांनीही एकदा उपासनेत तिचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. करुणा मान खाली घालून ऐकायची.

नाताळात मी अक्काला नवं पातळ नेसवायला गेले होते. ब्लाउज बदलताना तिच्या दंडावर निळे डाग दिसले. करुणा दारात उभी होती. मी मनात म्हटलं, कुठेतरी आपटली असेल. पुढे एकदा मनगटावर दिसले. ते बोटांचे होते. एवढं उघड दिसत होतं, तरी मी गप्प बसले. कसं विचारायचं? कोणत्या तोंडाने विचारायचं? मी रात्री उशीत तोंड दाबून विचार करायची, अक्काने काय केलं असतं? आणि उत्तर माहीत असूनही सकाळी उठून मी काहीच करत नसे. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, संपत आला, आणि एका शनिवारी अक्काच्या गालावर वळ दिसला तेव्हा मला राहवेना. अक्का खाटेवर झोपली होती. करुणा मोरीशी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"करुणा, आईला मारतेस का गं?"

तिच्या हातातलं पातेलं सुटलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चार दिवस करून बघा, बाई."

"मी विचारतेय ते सांग."

"ती मला विचारते, तू कोण? रोज विचारते. मी भात कालवला की ताट उलटं करते. दार उघडून पळत सुटते. मी धरते. जोरात धरते." मग आवाज चढला. "सगळे म्हणतात देवदूत! देवदूत! मी कुणाला सांगू, की मी काल आईला थोबाडीत मारली? कुणाला सांगू सांगा ना!"

"मला सांग," मी म्हटलं. मला वाटलं होतं, मी तिला रागवेन. पण मीच रडत होते. "हे थांबायला हवं, करुणा. तुझ्याने एकटीने होत नाहीये, आणि ते तू म्हणायला हवं होतंस, आम्हीही बघायला हवं होतं. पण हे थांबायला हवं."

ती साबणाच्या हातांनी तोंड झाकून बसली. आत अक्का जागी झाली होती. "कोण रडतंय?" तिने विचारलं.

सोमवारपासून मी अक्काला आमच्या घरी आणायला लागले. सकाळी करुणा सोडून जायची, संध्याकाळी घेऊन जायची. महिला मंडळातल्या दोघीतिघींना मी खरं काय ते सांगितलं, त्या आळीपाळीने रात्री करुणाकडे झोपायला जाऊ लागल्या. डाग गेले. करुणाच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. एकदा संध्याकाळी ती आईला न्यायला आली तेव्हा अक्का मला म्हणाली, "किती चांगली पोर आहे. कोणाची गं?" करुणा हसली आणि अंगणात जाऊन रडली.

अक्का त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गेली. करुणा तिचे केस विंचरत होती, तेव्हाच मान कलली. दफनाच्या वेळी पुष्कळ लोक आले. बोलायला उभं राहिलेल्या प्रत्येकाने ती किती गोड स्वभावाची होती हे सांगितलं. शेवटच्या दोन वर्षांतली अक्काच सगळ्यांच्या लक्षात राहिली होती. मला उठून सांगायचं होतं, की नाही हो, आपली अक्का अशी नव्हती. पण मी उठले नाही, माती टाकून परत आले. घरी आल्यावर हे म्हणाले, "शालिनी, आता आपल्याला कोण सांगणार?" त्यानंतर बराच काळ ते रविवारी उपासना संपवून आले की दारातच थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी सांगायचा प्रयत्न करायची. पण मला अक्कासारखं जमायचं नाही. एक तर फार गोड व्हायचं, नाहीतर फार लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. निरोपाची सभा मोठी झाली. हार घातले, शाल दिली, मी किती प्रेमळ, किती सोशिक, सगळं सांगून झालं. अक्काला शेवटच्या दिवसांत मी आईसारखं सांभाळलं, हेही दोघातिघांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा करुणा आली. बाकीचे अंगणात होते. रिकाम्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उभ्या होतो.

"बाई, एक बोलू? राग मानू नका."

"बोल."

"काल सगळे म्हणत होते, तुम्ही आईला सांभाळलं. ते खरंच आहे. तुम्ही नसता तर माझ्या हातून काय झालं असतं, देव जाणे." ती थांबली. तिने माझा हात धरला. "पण नाताळात तुम्ही तिच्या दंडावरचे डाग बघितले होते. मी दारातून बघत होते तुमच्याकडे. मला वाटलं, आता बाई विचारतील. विचारलं तर मी सगळं सांगून टाकणार होते. तुम्ही पदर नीट केलात तिचा आणि माझ्याकडे बघून हसलात. तुम्ही विचारलंत ते उपवासकाळ संपताना. मधले सगळे दिवस आईने सोसले, बाई."

ती रडत होती, पण तिने नजर खाली केली नाही.

"नव्या गावी असं थांबू नका," ती म्हणाली.

"नाही थांबणार," मी म्हटलं.

बाहेरून ह्यांनी हाक मारली. शुभा आत डोकावून गेली. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. करुणाने माझा हात सोडला नाही, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.